झाडाखालच्या नऊ रोपांचा तपास

माझी नजर इतकी तीक्ष्ण आहे, की दाराची कडी वाजली की बाहेर कुणीतरी आहे हे मी तत्काळ ओळखतो. पोस्टातून निवृत्त झाल्यावर मी गुप्तहेर झालो. गुप्तता एवढी कडक पाळली, की दोन वर्षांत कुणाला पत्ताच लागला नाही.

पहिलं प्रकरण ताईच्या घरी मिळालं. भाऊजी पाय मोडून चार महिने खिडकीशी पडून होते. समोर मोठं झाड आणि त्याखाली कोरडी सावली. पाऊस पानांतच अडायचा. उरलीसुरली ओल मुळं पिऊन टाकायची. तिथे काही म्हणता काही जगत नसे. भाऊजींना बघायला काहीतरी हिरवं असावं, म्हणून ताईने जाड, गुबगुबीत पानांची नऊ सक्युलंट तिथे नेटाने जगवली होती. एका सकाळी त्यातलं एक उपटलेलं सापडलं.

ताई म्हणाली, मांजर असेल. मी मांजराला निर्दोष सोडलं. उत्तर फारच सोपं होतं.

मग माळ्याचं सोंग घेऊन मी पाळत सुरू केली. डोक्याला टोपी, हातात झारी. आठवड्याभरात रोपं पिवळी, लिबलिबीत होऊन माना टाकू लागली. शेजारचा शिंपी कुंपणावरून डोकावायचा, म्हणजे विषप्रयोग. मग संशय झाडावर गेला, कारण जागेचा वाद जुना होता. ताईवरही गेला होता, पण तिने ताटात वाढणं कमी केल्यावर मागे घेतला.

पाचवं रोप गेलं तेव्हा सगळ्यांना भाऊजींच्या खोलीत जमवून मी शिंप्याकडे बोट दाखवलं. तो बिचारा म्हणाला, मला या रोपांची एक फांदी मागायची होती, पण धीर होत नव्हता.

भाऊजी शांतपणे म्हणाले, "तू रोज दोन झाऱ्या पाणी ओततोस. मला वाटलं, हिनेच सांगितलंय."

ताई बाहेर गेली, मातीत बोट खुपसून परत आली. बोटाला चिखल होता. ही रोपं पानांतच पाणी साठवतात, सावलीत पंधरवड्याला घोटभर पुरतं, असं ती भिंतीकडे बघत म्हणाली. शिंपी छताकडे बघत होता. मला कुठे बघावं ते कळेना. भाऊजींच्या नजरेसमोरचं हिरवं मीच सडवलं होतं.

ताईने मेलेल्या रोपांची धड पानं खुडून ताटलीत कोरड्या मातीवर खिडकीत मांडली. मी काय करू, असं विचारलं.

"काही करू नकोस," ती म्हणाली. "जमेल?"

तीन आठवडे मी भाऊजींशेजारी नुसता बसून राहिलो. इतकं अवघड काम आयुष्यात केलं नव्हतं. चौथ्या आठवड्यात पानांच्या बुडाशी नव्या रोपांची इवलीशी कोवळी पिल्लं दिसली. भाऊजी कोपरावर उठून बसले आणि त्यांनी ताईला हाक मारली.

मी हात पाठीमागे घट्ट धरून उभा राहिलो.