तांबेबाईंचा कंट्रोल

तांबेबाई किटशी बोलत नाहीत. शप्पथ! आमच्या डोंबिवलीतल्या, मानपाड्याच्या लॅबमध्ये स्टेनिंगचं रेडी-टू-यूज किट आलं, त्या दिवसापासून बाईंनी त्याच्याशी अबोला धरलाय. फ्रिज उघडला की त्याच्याकडे असं बघतात, जणू सवतच माहेरचा डबा घेऊन आत बसलीय.

मी मात्र जाम खूश. आमचं काम असं, की गाठीचा पातळ काप काचेवर घ्यायचा, त्यावर अँटीबॉडी टाकायची. हवं ते प्रोटीन असेल तिथे तपकिरी रंग येतो. पण अँटीबॉडी किती पातळ करायची, ती जादू बाईंच्या हातात. माझी काच बघून डॉक्टर म्हणायचे, "ठीक आहे." बाईंची बघून, "वा, तांबेबाई!" तो 'वा' ऐकला की माझी अशी जळायची ना!

किटमध्ये सगळं तयार. बाटली दाबा, थेंब टाका.

"आता तुम्ही काय नि मी काय, बाई!" म्हणत मी चष्मा नाकावर ओढला आणि त्यांच्याच आवाजात बोललो, "घाई कुठे पेटलीये रे?" हे बाईंचं पेटंट वाक्य. अख्खी लॅब हसली.

बाई म्हणाल्या, "'रे' जरा लांब हवा."

पहिली केस मी एकट्याने लावली. काच निघाली कोरी.

"कंट्रोल कुठाय?" डॉक्टरांनी विचारलं.

कंट्रोल म्हणजे ज्यात रंग यायलाच हवा, असा तुकडा. तो शेजारी लावायचा, म्हणजे अँटीबॉडी चालली की नाही ते कळतं. मी लावलाच नव्हता. रेडी म्हणजे सगळंच रेडी, असं वाटलेलं.

"मग हा कोरेपणा पेशंटचा की तुझा?"

पेशंटची मुलगी कोलशेतहून येऊन बाहेर बसलेली. या रिपोर्टवर तिच्या आईचं औषध ठरणार होतं.

बाई उठल्या. आपल्या कुलपातल्या खणातून, आत तुकडा जपलेला मेणाचा ठोकळा काढला. "थांब, मन्याचा काप देते. टॉन्सिल आहे."

परत लावलं. माझंच किट, माझेच थेंब. टॉन्सिल झकास तपकिरी, पेशंटची काच कोरीच. म्हणजे रिझल्ट खरा होता. मी सुटलो.

"वा, तांबेबाई! काय कंट्रोल आहे!" डॉक्टर म्हणाले आणि रिपोर्ट लिहायला गेले.

परत 'वा' त्यांनाच! मी चिडून विचारलं, "कोण हो हा मन्या?"

"माझा मुलगा. सातवीत होता, तेव्हा काढले टॉन्सिल. हा ठोकळा मीच केलेला." बाईंनी मायक्रोस्कोपवरून डोळा हलवला नाही. "आता मेलबर्नला असतो. फोन उचलत नाही कार्टा, पण रंग बघ कसा घेतो!"

मला चक्क त्या टॉन्सिलचा हेवा वाटला. माझं अपेंडिक्स आमची आई हॉस्पिटलातच सोडून आलेली.

"पुढच्या केसला पण द्याल का, बाई?"

बाईंनी ठोकळा उजेडात धरून बघितला.

"देईन की. फक्त काप अगदी पातळ घे हं. फार उरला नाहीये तो."