कांबळेमामा बसत नसत

लॉ कॉलेजच्या तीन वर्षांत मी कांबळेमामांना बसलेलं पाहिलं ते फक्त परीक्षेत, आणि तेही पर्यवेक्षकांशी वाद घालून झाल्यावर. एरवी सकाळी साडेसातच्या तासाला आम्ही सगळे बाकांवर पेंगत असू आणि मामा मागच्या दाराला खांदा लावून उभे. एक पाय वर्गात, एक व्हरांड्यात. हातातली दोनशे पानी वही उभ्यानंच लिहिलेली, त्यामुळे पानाच्या डाव्या बाजूला सुरू झालेली ओळ उजव्या बाजूला जाईपर्यंत दोन ओळी वर गेलेली असे.

मी तेव्हा नुकतीच बी.ए. झाले होते. नव्वदीचं दशक सरत आलं होतं आणि कोल्हापुरात बी.ए. झालेल्या मुलीला लग्न ठरेपर्यंत रिकामी ठेवायचं नाही म्हणून एलएल.बी.ला घालायची पद्धत होती. माझ्या बाकावर आम्ही चौघी अशाच बसवलेल्या. मला वकील व्हायचं नव्हतं. काय व्हायचंय तेही माहीत नव्हतं, त्यामुळे जिवाला नुसती चुळबुळ. मामांचं उलट होतं. वय पंचेचाळीस, कबनूरला यंत्रमागावर रात्रपाळी, बी.ए. बहिःस्थ विद्यार्थी म्हणून केलेलं, आणि वकील व्हायची अशी घाई की पहिल्या वर्षाच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी ऑफिसात जाऊन सनद कधी हातात पडते ते विचारलं होतं. क्लार्कनं आधी फी भरा म्हणून सांगितलं.

तुम्ही बसत का नाही, असं विचारलं की दर वेळी नवं उत्तर मिळे. वकील कोर्टात बसतोय व्हय, आत्तापासनं सवय नगो? हे एक. माग चालवणाऱ्याला बसायचं ठाऊकच नसतंय, हे दुसरं. रात्रपाळी करून आलोय, बुड टेकलं की घोरतोय बघा, हे तिसरं. तिन्ही पटण्यासारखी होती. पण दाराशीच का, भिंतीशी का नाही, याचं उत्तर एकातही नव्हतं, आणि मी तेव्हा ते विचारलंही नाही.

मागाच्या खडखडाटात उमर गेल्यामुळे मामांचा आवाज दणदणीत होता. ग्रंथालयात ते हळू बोलले की बाहेर सायकल लावणारा वळून बघे. त्यात त्यांची एक लाडकी सवय. काहीही सांगून झालं की वर म्हणायचे, "रेकॉर्डवर घ्या." चहावाल्याला म्हणत, मी साखर कमी सांगितलीती, रेकॉर्डवर घ्या. एसटीच्या कंडक्टरला म्हणत, मी थांब्यावर हुतो, गाडीच पुढं गेली, रेकॉर्डवर घ्या. एकदा हजेरी घेताना सरांनी त्यांचं नाव पुकारलं, तेव्हा ते नुसते 'हजर' म्हणाले नाहीत. वर्ग ओलांडून टेबलापाशी गेले आणि सरांनी हजेरीपटावर खूण केली का ते वाकून पाहून आले. सर आधी चिडले, मग हसले, मग रोजच त्यांचं नाव आल्यावर पट वर उचलून दाखवू लागले.

परीक्षेत मात्र गंमत राहिली नाही. करार कायद्याच्या पेपरात प्रश्न होता: य नं क्षला म्हैस विकली, दहा लिटर दूध देईल असं सांगितलं, ती चारच देते, तर क्षला काय दाद मिळेल? आम्ही सगळ्यांनी गाइडात पाठ केलेली कलमं उतरवली. मामांनी लिहिलं, "प्रश्नात य चे म्हणणे दिलेले नाही. म्हशीला पेंड कोण घालत होते तेही दिलेले नाही. दुसरी बाजू ऐकल्याशिवाय उत्तर देता येत नाही." त्या पेपरात असे पाच प्रश्न होते. पाचही ठिकाणी मामांनी हेच लिहिलं.

विषय राहिला. एटीकेटी घेऊन मामा पुढच्या वर्गात आले आणि पहिल्या दिवशी परत दाराशी उभे राहिले. मी त्यांना समजावायला गेले. म्हटलं, मामा, हा य खरा माणूस नाही हो, पेपर काढणाऱ्यानं मनानं घेतलाय.

"असूं दे की," मामा म्हणाले. "मनानं घेतला म्हणून त्येला काय म्हणणंच नसतंय?"

मग आम्ही एक तोडगा काढला. आधी पुस्तकातलं उत्तर लिहायचं आणि शेवटी एका ओळीत य ची बाजू ऐकलेली नाही असं नोंदवायचं. मामांनी ते नाखुशीनं कबूल केलं. त्या तोडग्यावर त्यांचे पुढचे सगळे विषय काठावर सुटले. प्रत्येक निकालाच्या दिवशी ते नोटीस बोर्डासमोर येरझाऱ्या घालत, आणि आपला नंबर सापडला की शिपायाला बोलावून त्यालाही तो वाचायला लावत.

शेवटच्या वर्षाला दिवाणी प्रक्रिया होती. सर एकतर्फी हुकूमनामा शिकवत होते. पुकारा झाला, प्रतिवादी गैरहजर, तर कोर्ट त्याच्याशिवाय पुढं जाऊ शकतं. तेवढ्यात दारातून मामांचा आवाज आला.

"सर, कोर्टाच्या भाईर बाकड्यावर बसलेला मानूस गैरहजर धरत्यात का?"

वर्ग हसला. मीही हसले, चांगली मोठ्यानं हसले. सर म्हणाले, बाकड्याचा काय संबंध, पुकाऱ्याला जो उभा राहत नाही तो गैरहजर. मामांनी विचारलं, असा हुकूमनामा रद्द करून घ्यायला मुदत किती. सर म्हणाले, तीस दिवस. मामांनी वही मिटली आणि व्हरांड्यातला पाय तसाच ठेवून वर्गातलाही बाहेर काढला.

तास संपल्यावर ते मला कॅन्टीनच्या बाहेर सापडले. चहा गार झाला होता. मला त्यांनी सगळं तिथं उभ्याउभ्या सांगितलं.

त्यांची थोरली बहीण, आक्का, कांड्या भरायच्या मशीनवर वीस वर्षं राबली आणि कानानं अधू झाली. नवऱ्यानं तिला घराबाहेर काढलं आणि कोर्टात अर्ज टाकला की ही आपणहून नांदायची सोडून गेली, मला घटस्फोट द्या. तारखेला मामा आक्काला घेऊन गेले होते. वकील आलेच नव्हते. मामांनी आक्काला बाकड्यावर बसवलं, शेजारी आपणही बसले. रात्रपाळी झालेली होती, त्यांचा डोळा लागला. शिपायानं दारात येऊन तीनदा पुकारा केला. आक्काला ऐकू आलं नाही, मामांनी ऐकलं नाही. दारापासून दहा पावलांवर बसलेली बाई कागदावर गैरहजर झाली. त्याला तेव्हा सहा वर्षं होऊन गेली होती.

"ती आजून म्हणत्या," मामा म्हणाले, "मी गेलते न्हाय, मला भाईर घातलं, एवढं साहेबास्नी सांगायचंय. मी वकील हून तिला सांगू देनार हुतो. आता तीस दिवस म्हनं."

मला वर्गातल्या हसण्याची लाज वाटली. ती अजून वाटते. मी पुस्तकातून विलंब माफीच्या अर्जाचं कलम शोधून दिलं, आणि सहा वर्षांचा विलंब कुणी माफ करत नाही हे मला माहीत असूनही बोलले नाही. मामांनाही ते कळत असावं. तरी दुसऱ्या दिवशी साडेसातला ते दाराशी होतेच.

निकालानंतर माझं लग्न ठरलं, सासर इचलकरंजी. पदवीचा कागद कपाटात गेला आणि मामा कुठं गेले ते कळलं नाही.

सात-आठ वर्षांनी सासऱ्यांच्या वारस दाखल्यासाठी कोर्टात जायची वेळ आली. व्हरांडा माणसांनी भरलेला, पोरं रडतायत, टायपिंगचा आवाज. मी बाकड्यावर बसून होते. आत शिपायानं काहीतरी पुकारलं, ते मला नीट ऐकू आलं नाही. लगेच व्हरांड्याच्या मधोमध माझं सासरचं नाव असं दणाणलं की मी फाइल टाकून उठलेच. समोर काळ्या कोटात मामा.

"ताई, तुमी व्हय?" ते म्हणाले. "आधी आत जावा. बोलायचं मागनं."

काम आटोपून मी बाहेर आले. चहाच्या टपरीवर मी बसले, मामा उभे राहिले. माग सोडले होते. कामं फार नव्हती. ज्यांना कुणी वकील मिळत नाही ते येतात, म्हणाले. पण दर पुकाऱ्याला, केस कुणाचीही असो, ते व्हरांडाभर फिरून नाव ओरडतात. आधी बाकीचे वकील हसायचे. आता शिपाईच नाव घेऊन झालं की त्यांच्याकडे बघतो.

मी आक्कांचं विचारलं. अर्ज फेटाळला गेला होता. पण त्याआधी साहेबांनी आक्काला पुढं बोलावून विचारलं, मामांनी तिच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, आणि आक्का बोलली. निकालाच्या नकलेत ती ओळ आहे: अर्जदाराचे म्हणणे असे की ती स्वतःहून गेली नाही, तिला बाहेर काढण्यात आले. ते पान लॅमिनेट करून मामांनी घरात निळ्या कोटातल्या, हातात राज्यघटना घेतलेल्या तसबिरीशेजारी लावलंय. आक्का गेली त्याला वर्ष झालं. तोवर ती रोज ते त्यांच्याकडून वाचून घेई.

"रेकॉर्डवर आलं, ताई," मामा म्हणाले. पहिल्यांदाच ते खरंच हळू बोलले.

एवढ्यात आतून पुकारा झाला. मामांनी कप टपरीवर ठेवला आणि निघाले. कुणा बाईचं नाव होतं. त्यांनी ते तीनदा घेतलं, व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. कुणी उठलं नाही. मग ते एकेका बाकड्यापाशी थांबून, वाकून, बसलेल्या प्रत्येकीला नाव विचारू लागले.