चष्म्याची परवानगी

बातमीदाराचा चष्मा तुरुंगात फुटला, ही घटना किरकोळ असली तरी नियमात बसणारी नव्हती. मंत्र्यांनी उद्घाटन केलेला पूल मुळात बांधलेलाच नाही, असे छापल्याबद्दल तो आत होता. बायको नवा चष्मा घेऊन आली, तेव्हा अधीक्षकांनी तिला आधी खुर्ची दिली आणि मग नकार दिला.

"काच आत नेता येत नाही, ताई. कैद्यानं जिवाचं काही बरंवाईट करून घेतलं तर?"

"अहो, त्यांना समोरचा माणूस दिसत नाही."

"चष्मा होता तेव्हा तरी कुठं पूल दिसला?"

अशात याच बातमीदारावरच्या चित्रपटाचे चित्रीकरण त्याच्याच कोठडीत सुरू झाले. कथा मागच्या सरकारच्या काळात घडते, असे ठरल्यामुळे सरकारची हरकत नव्हती. नटाला चष्मा लागणारच होता. त्याचा विमा उतरवलेला असल्याने नियमाला त्याच्या जिवाची काळजी नव्हती. परवानगी उभ्या उभ्या मिळाली.

कोठडी रिकामी करायची म्हणून बातमीदाराला कोठारात धान्य निवडायला बसवले. कैद्यांच्या दाताखाली खडे येऊ लागले, ताटे आपटली गेली, आणि तुरुंगात असंतोष पसरवल्याचा नवा गुन्हा त्याच्यावर दाखल झाला. दिग्दर्शकाने हा प्रसंग लगेच पटकथेत घेतला.

बायकोने नटाला फाटकावर गाठले.

"भाऊ, हा त्यांच्या नंबरचा आहे. घालून आत जा आणि त्यांना देऊन या."

"एवढंच ना, वहिनी? समजा पोचला."

नटाने चष्मा घातला. परक्या नंबरने त्याचे डोके ठणकू लागले, डोळ्यांतून पाणी आले. दिग्दर्शक भारावला. "हीच वेदना मी कधीची शोधतोय. आता शेवटपर्यंत हा काढायचा नाही."

चित्रपट गाजला. लोक हुंदके देत बाहेर पडत होते. दाराशी बायको उभी होती. प्रतिष्ठित नागरिकांच्या सह्या आणा, मग नव्या चष्म्याचे बघू, असे अधीक्षक म्हणाले होते. एका गृहस्थांपुढे तिने पेन धरले.

"अजून आतच आहेत?" गृहस्थ डोळे पुसत म्हणाले. "सिनेमात तर सुटले की हो." मग आवाज खाली आणून म्हणाले, "सहीचं तेवढं नको. मुलीची सरकारी मुलाखत आहे."

त्यांच्यामागे आपण होतो. आपण काही त्यांच्यासारखे भित्रे नाही. आपण थांबलो, तिची आस्थेने चौकशी केली, हा सिनेमा अजिबात चुकवू नका असे तिला सांगितले. तिकीटसुद्धा काढून देणार होतो, पण पुढचा खेळ हाऊसफुल्ल होता.