जयवंतदादांची शोधमोहीम

एव्हरशाईन सिटीतल्या फ्लॅटमधून न हलता मी अर्धा सह्याद्री सर केलाय. खोटं वाटत असेल तर 'चढउतार' या आमच्या ऑनलाइन दुकानाचा ब्लॉग उघडून बघा. तंबू, स्लीपिंग बॅगा, डोंगरात घालायचे बूट आम्ही विकतो, भटकंतीचे किस्से मात्र फुकट. खाली नाव जयवंतदादांचं, म्हणजे आमच्या ह्यांचं.

हे गेल्या दिवाळीत गेले. एवढे कडे चढले आणि गेले ते सोफ्यावर बसल्या बसल्या. दुसऱ्या दिवशी ब्लॉगवर कमेंट आली, 'दादा, पुढचा गड कुठला?' मला वाटलं, निदान तिथे तरी हे आहेत, तर राहू देत. मग मीच लिहायला लागले. एरवी माझा गुडघा जिना चढू देत नाही, पण लिहिताना मी धडाधड चढते.

श्रावणात मला ताप आला आणि पार्सलं रखडली. गिऱ्हाइकांनी तगादा लावला. मी ब्लॉगवर ह्यांच्या नावाने टाकलं, 'तुंगारेश्वरच्या डोंगरात आलोय, पाय मुरगळलाय, जरा दमानं घ्या.' ह्यांचा आणि माझा, दोन्ही फोन बंद केले आणि गोळी घेऊन झोपले.

सकाळी माझा फोन चालू करते तोच जवळच्या गिरीज गावातल्या कॅल्विनचा कॉल. नेहमीचं गिऱ्हाईक, पण भेट कधी नाही.

"वहिनी, टेन्शन नका घेऊ. दादांचा फोन लागत नाहीये, म्हणून आम्ही सगळे तुंगारेश्वरला आलोय. शोधतोय."

"अरे, ते ठीक आहेत."

"बोलणं झालं तुमचं?"

फोन ठेवला. तुंगारेश्वर आमच्या घरापासून जवळच; मी तशीच रिक्षात बसले.

श्रावणी सोमवार होता. देवळाच्या वाटेवर ही गर्दी! आणि झाडीत जिकडेतिकडे आमच्याच दुकानातले रेनकोट. भर दिवसा कपाळावर आमचेच हेडलॅम्प. सगळे बेंबीच्या देठापासून ओरडत होते, "जयवंतदादा, ओ जयवंतदादा!"

दिवाळीपासून हे नाव कुणी मोठ्याने घेतलं नव्हतं. नातेवाईक दबक्या आवाजात 'ते' म्हणायचे, बँकेत 'मयत'. खरं सांगून टाकायला हवं होतं, पण मी आपली ऐकत उभी राहिले. इतकं बरं वाटत होतं.

फोनवर विचारत विचारत चिखलाने माखलेला कॅल्विन माझ्यापर्यंत आला. "वहिनी, तुम्ही मारा ना हाक. तुमचा आवाज ओळखतील."

तिथेच मला रडू फुटलं. सगळं सांगितलं. कॅल्विनने हेडलॅम्प काढला, छातीवर क्रूसाची खूण केली. बाकीचे भोवती जमले. वाटलं, आता बोलणी खावी लागणार. पण एकाने एवढंच विचारलं, "मग ब्लॉगवरचं ते, गडावर पिठलं करपलेलं?"

"मीच करपवलं. घरी, गॅसवर."

कुणी हसलं, कुणी डोळे पुसले.

"तरी मारा हाक," कॅल्विन म्हणाला. "एवढे आलोय तर."

नवऱ्याचं नाव घेऊन हाक मारणाऱ्यांतली मी नव्हे. डोंगराकडे तोंड केलं आणि जीव खाऊन ओरडले, "अहो!"

देवळाच्या वाटेवरचे झाडून सगळे नवरे थबकले. एक तर सवयीने "आलो, आलो" म्हणाला, आणि त्याच्या बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की विचारू नका.

आमच्या ह्यांची काही ओ आली नाही. पण जिवंतपणी तरी हे पहिल्या हाकेला कुठे ओ द्यायचे? म्हणून मी आणखी एकदा मारली.