पूर्ण नावाच्या शेवंताअक्का

आमच्या अपार्टमेंटमधल्या टॉमी नावाच्या कुत्र्याशी अदबीनं बोलणारी व्यक्ती बेंगळुरूच्या अख्ख्या एचएसआर लेआउटमध्ये एकच आहे. शेवंताअक्का. "टॉमी अवरे, स्वल्प बाजूला व्हा," असं त्या म्हणतात आणि टॉमी होतोही. 'अवरे' म्हणजे कन्नडमधलं राव, साहेब, बाई सगळं एकाच शब्दात. रिक्षावाला, भाजीवाली, वॉर्ड ऑफिसातला कारकून, अक्कांच्या तोंडी सगळेच अवरे. आणि पूर्ण नाव कळल्याशिवाय त्या कुणाशी पुढचं बोलतच नाहीत. "आधी नाव, मग काम," हे त्यांचं ब्रीद.

एकदा दवाखान्यात कंपाउंडरनं "ए अम्मा, आत जा," म्हटलं. अक्का हलल्या नाहीत. त्यानं तीनदा हाका मारल्या. चौथ्यांदा डॉक्टर स्वतः बाहेर आले आणि कागदात बघून म्हणाले, "शेवंता भरमा मधाळे?" तशा अक्का प्रसन्नपणे उठल्या. "अंगात ताप होता, पण नाव ऐकून निम्मा उतरला," असं त्या सांगतात.

या हट्टाचं मूळ निपाणीजवळच्या त्यांच्या खेड्यात आहे. "माझ्या बापाचं वय साठ. आणि पाटलाचं शेंबडं पोरगं त्याला 'ए भरम्या' म्हणायचं. त्या पोराला मात्र माझा बाप 'अण्णा' म्हणायचा. नावाची शेपटी तोडली की माणूस आपोआप खाली बसतो, बघा." पुढं अक्का बेंगळुरूला आल्या, सरकारी कचेरीत शिपाई म्हणून निवृत्त झाल्या आणि झाडलोट करणाऱ्या, लादी पुसणाऱ्या बायकांची संघटना बांधायला लागल्या. संघटना म्हणजे काय, तर आमच्या मागच्या गेटजवळचं करंजाचं झाड आणि रविवारी सकाळी त्याखाली जमणाऱ्या अकरा बायका. जवळजवळ सगळ्याच दलित वस्त्यांतल्या.

मागण्या, निवेदनं हे नंतर. पहिले दोन महिने नुसती नावाची कवायत. एकेकीनं उभं राहायचं आणि आपलं पूर्ण नाव मोठ्यानं सांगायचं. पहिल्या दिवशी रत्नम्माचा आवाज तिच्या पदराबाहेर पडला नाही. शिवाय नवरा सोडून गेलेला, त्याचं नाव लावायचं तर जीभ अडायची. अक्का म्हणाल्या, "मग आईचं लावा की." रत्नम्मा पदर खोचून ओरडली, "रत्नम्मा मुनियम्मा!" गेटवरचा वॉचमन दचकून उभा राहिला. बायका पोट धरून हसल्या.

माझी आणि अक्कांची ओळख याच झाडाखाली झाली. मी फोनवर आईशी बोलत चाललो होतो. अक्कांनी वाट अडवली. "निपाणीकडचे व्हय? पूर्ण नाव काय?"

"संदीप के."

"के म्हंजे? कोथमीर?"

मी कॅब आल्याचं सांगून सटकलो. कॅब आलेली नव्हती. खरं तर मी सहा वर्षं या 'के'च्या आडोशानंच राहत होतो. या शहरात पहिलं घर शोधताना मालकांनी आडनाव विचारलं, ते ऐकलं, आणि घर एकाएकी त्यांच्या भाच्यासाठी राखून ठेवलेलं निघालं. तेव्हापासून दारावर, ऑफिसात, सोसायटीच्या ग्रुपवर, सगळीकडे संदीप के.

मग लिफ्टचं प्रकरण झालं. कामगारांची मागची लिफ्ट बंद पडली. दुरुस्ती रेंगाळली. पुढच्या लिफ्टवर मात्र पाटी: 'कामवाल्यांना मनाई.' बायका पाण्यानं भरलेल्या बादल्या घेऊन नऊ मजले चढायला लागल्या. अक्कांनी पाटी वाचली, शेजारी लिफ्टमधून उतरणाऱ्या टॉमीकडे पाहिलं आणि नमस्कार करून म्हणाल्या, "टॉमी अवरे, तुमचं नशीब मोठं."

पुढच्या रविवारी क्लबहाउसमध्ये रहिवाशांची सभा होती. अक्का अकरा जणींना घेऊन थेट आत आल्या. सगळ्यांनी ठेवणीतल्या साड्या नेसलेल्या. सेक्रेटरी चष्मा सावरत म्हणाले, "मुद्दा फक्त स्वच्छतेचा आहे."

"सरी," म्हणजे 'बरं', अक्का कन्नडमध्ये म्हणाल्या. "सगळ्यात स्वच्छ तर ह्याच असणार. दिवसभर फिनेलमध्ये असतात. बरं, सेक्रेटरी अवरे, तुमचा मजला पाच वर्षं कोण पुसतं? नाव?"

सेक्रेटरींनी पत्नीकडे पाहिलं. पत्नीनं पंख्याकडे पाहिलं. अक्का एकेका खुर्चीपाशी जाऊन तोच प्रश्न विचारत गेल्या. 'ती उंच बाई', 'आमची बाई', 'ती सकाळवाली'. शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या आजी काठी टेकत उठल्या. "माझ्याकडे रत्नम्मा येते. तिची मुलगी नर्सिंगला आहे." रत्नम्माचा चेहरा असा फुलला की सभेत टाळी पडली.

माझ्याजवळ आल्यावर अक्का फक्त "संदीप अवरे" म्हणाल्या आणि पुढं सरकल्या. पूर्ण नाव त्यांनी विचारलं नाही. लादी पुसणारीच्या नावाचा प्रश्नही नाही.

मागून कुणीतरी म्हणालं, "उगाच जातीचा रंग देऊ नका. इथं कुणाला कुणाची जात माहीतही नाही."

मी उभा कसा राहिलो ते मला सांगता येणार नाही. "माहीत नाही, कारण मी सांगितली नाही," मी म्हणालो. "माझं नाव संदीप धोंडिराम कांबळे. माझी आजी निपाणीत रस्ते झाडायची. ती आज मला भेटायला आली असती, तर तिला कोणत्या लिफ्टनं आणायचं होतं?"

ज्याच्यासोबत मी रोज बॅडमिंटन खेळतो तो शेजारी उठून माझ्याशेजारी येऊन बसला. दोन कुटुंबं पाय आपटत निघून गेली. सेक्रेटरींनी एक शेवटचा प्रयत्न केला. "बरं, बायका पुढच्या लिफ्टनं जातील. बादल्या तरी जिन्यानं जाऊ देत."

"चालेल की," अक्का म्हणाल्या. "न्यायला तुम्ही येता का?"

सगळ्यात आधी हसल्या त्या सेक्रेटरींच्या पत्नी. पाटी त्यांनीच स्वतःच्या हातानं काढली.

मग जे झालं ते पाहण्यासारखं होतं. अकरा जणी दोन खेपांत लिफ्टमध्ये शिरल्या आणि नवव्या मजल्यापर्यंत नुसत्या वर-खाली करत राहिल्या. आरशात बघून केस सारखे केले, फोटो काढले. दर वेळी दार उघडलं की आतून हशा बाहेर सांडायचा. अक्का मात्र जिन्याच्या पायरीवर बसल्या होत्या. "मला लिफ्टमध्ये चक्कर येते," त्या हळूच म्हणाल्या. "हक्क मिळाला म्हणून चढलंच पाहिजे असं कुठाय?"

संध्याकाळी मी त्यांना स्कूटरवरून लांब चामराजपेटेला त्यांच्या घरी सोडलं. गल्लीतली एक खोली. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, कोपऱ्यात स्टोव्ह, दोरीवर एकच साडी वाळत. त्यांनी कॉफी केली.

"अक्का, तुम्हाला माझं आडनाव आधीच ठाऊक होतं?"

"पहिल्याच दिवशी. तुझं नाक बापाचं आहे. धोंडिराम मास्तर माझ्या धाकट्या भावाला शिकवायचे."

"मग सभेत बोलला का नाहीत?"

"दुसऱ्याचं नाव आपण कशाला फोडायचं रे? ते ज्याचं त्यानंच घ्यायचं असतं." मग मी उठायला लागलो तसं म्हणाल्या, "बस की स्वल्प. बरं, जा. घरी पोचलास की फोन कर. त्या अकरा जणींना मी रोज विचारते, पोचलात का."

घरी आल्यावर दारात शेजारी उभा, मग आईचा फोन, तिला सगळं सांगण्यात तासभर गेला. आणि मग आठवलं. मी घाईनं अक्कांना फोन लावला. पहिली रिंग पुरी वाजलीही नव्हती.

"पोचलास?"

"कधीचाच. अक्का, विसरलो."

"असू दे. मी काय वाट बघत नव्हते," त्या म्हणाल्या. मग आज केलेल्या वांग्याच्या भाजीत मीठ कमी पडल्याचं सांगितलं. मग शेजारणीच्या मांजरीला पिल्लं झाल्याचं. मग निपाणीला आता थंडी पडली असेल, म्हणाल्या. "बरं, ठेवते," असं तीनदा म्हणाल्या, पण ठेवला नाही.

मीही ठेवला नाही. खुर्ची ओढून बसलो आणि विचारलं, "अक्का, पिल्लं किती झाली?"