एडविन सरांचा न लिहिलेला लेख

एम.ए.च्या तोंडी परीक्षेला यशोधरा आत शिरली ती बिचकतच. तसा प्रबंध तिचाच. शेवगावच्या बाजारात उन्हातान्हात फिरून भाजीवाल्यांची बोली तिनेच टिपली होती. फक्त शेवटची संदर्भसूची कंटाळा येऊन एआयकडून करून घेतली, आणि तसं कुठे लिहिलं नाही. तिचे मार्गदर्शक एडविन सर तर वर्षभर एकच पालुपद लावून होते, "एआयची मदत घ्या, पण नोंद करा. लपवलंत तर नापास!" सूचीखाली सही मात्र त्यांनी न वाचताच ठोकली होती.

बाहेरून आलेले परीक्षक आप्पासाहेब मूळचे श्रीगोंद्याकडचे. खूश झाले की गावची बोली तोंडात येई. सूची चाळता चाळता ते थबकले. "'शेवगावची बाजारबोली', लेखक एडविन गायकवाड! सर, तुमचाच लेख हाय व्हय?"

यशोधराने सरांकडे पाहिलं, सरांनी तिच्याकडे. असला लेख सरांनी जन्मात लिहिला नव्हता. एआयने दिला होता ठोकून! झालं, वर्ष गेलं पाण्यात, असं तिला वाटलं. सरांनी तोंड उघडलं, पण आप्पासाहेब थांबतील तर शपथ.

"वाचलाय की मी! लई ताकदीचा लेख. आमच्याकडं चर्चा झाली हुती त्यावर."

सरांचं उघडलेलं तोंड हळूच मिटलं. "असंच आपलं... सुचलं तसं लिहिलं," ते म्हणाले, आणि चक्क लाजले.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं. पण प्राचार्य भारी हौशी. पाहुणा आला की शाल-नारळ निघालाच, म्हणून कपाटात एक जादा शाल कायम तयार. पाहुण्यांबरोबर त्यांनी सरांचाही सत्कार उरकला. यशोधरा पास झाली. निघताना आप्पासाहेब म्हणाले, "लेखाची प्रत तेवढी पाठवा सर. माझी कुठं गेली, घावंना."

गाडी फाटकाबाहेर पडताच सरांनी यशोधराला व्हरांड्यात गाठलं. शाल अजून खांद्यावरच होती.

"अगं बये, काय करून ठेवलंस हे! आता सोमवारपर्यंत तो लेख लिहून आण."

"मला कसा जमेल, सर? एआयला विचारू?"

"विचार."

"मग नोंद करायची ना, सर?"

सरांनी खांद्यावरची शाल काढून घडी घातली. मग सत्काराचा नारळ त्यांनी तिच्या हातात ठेवला.

"हा एआयच्या वाट्याचा. घरी ने, चटणी कर. नोंद झाली समज."