भर उन्हातले हेडलाईट

आधीच सांगून ठेवतो, माझी वायरिंग बरोबर होती. पुढचं वाचून तुम्ही मान हलवायला लागलात तर हे वाक्य परत वाचा.

झालं असं की मावसभावाने त्याची जुनी गाडी भंगारात काढली आणि तिच्यातला रिमोट स्टार्टर मला देऊन टाकला. म्हणजे गॅलरीत उभं राहून बटण दाबायचं, खाली गाडी आपोआप सुरू. असली वस्तू माझ्या हातात, आणि समोरचे पेन्शनवाले काका रोज सकाळी आमच्याच गाडीला टेकून पेपर वाचणार. आता तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं? (अभ्यास, असं बाबांचं उत्तर आहे. ते सगळ्याच प्रश्नांना असतं.)

शनिवारी बाबा ऑफिसला गेल्यावर मी स्टार्टर बसवला. आमच्या गाडीचा हँडब्रेक नावालाच आहे, म्हणून बाबा ती पहिल्या गिअरमध्ये घालून उभी करतात. तशीच रिमोटने सुरू केली तर ती उडी मारणार. म्हणून मी आठवणीने गिअर काढला, चाकाखाली वीट लावली. एवढी अक्कल मला आहे.

गाडीला नवीन काहीतरी आलं म्हणून आई पण खूश. आमच्याकडे टीव्हीला, मिक्सरला, गॅसच्या सिलिंडरलासुद्धा आईने विणलेली कव्हरं आहेत. मी एका जागी जास्त वेळ बसत नाही त्याचं हेच कारण. संध्याकाळपर्यंत गाडीच्या डॅशबोर्डवर गोंडेवालं कव्हर आलं.

रविवारी सकाळी काका टेकले. मी बटण दाबलं. काका असे उडाले की पेपर गटारात आणि एक चप्पल आमच्या जिन्यात. माझा आनंद गगनात मावेना, तेवढ्यात दिसलं की गाडीचे हेडलाईट पण लागलेत. लख्ख उन्हात. आणि इंजिन चालू आहे तोवर विझायचं नाव नाही.

लाईटचं बटण कधीचं तुटलंय. बाबांनी ते ऑटोवर ठेवून कायमचं चिकटवून टाकलंय. अंधार पडला की लाईट आपोआप लागायचे, उजाडलं की विझायचे. इतकी वर्षं गाडी शहाण्यासारखी वागत होती.

"गाडीला दिवस कळेना झाला की," काका चप्पल शोधत बाबांना म्हणाले. "घरात एक होताच तसा. आता जोडी जमली."

बाबा माझ्यावर ओरडले नाहीत. ते ओरडले नाहीत की मला जास्त भीती वाटते. सुट्टीत मला मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये काम शिकायचं होतं. बाबांना मला मामाच्या झेरॉक्सच्या दुकानात बसवायचं होतं. (दिवसभर झाकण उघडा, झाकण लावा. त्यापेक्षा नववी परत बरी.) बाबा एवढंच म्हणाले, "संध्याकाळच्या आत लाईट विझले तर गॅरेज. नाहीतर उद्यापासून मामा."

मी डॅशबोर्डखाली घुसलो. तारा सोडल्या, जोडल्या, फ्यूज बदलले. मध्येच हॉर्न दाबला की वायपर फिरायला लागले. ते मी सुधारलं, तर ब्रेक दाबला की हॉर्न. दर वेळी गाडी सुरू करून बघायचो, दर वेळी लाईट ढिम्म चालूच. आई वरून सांगत होती, बाळा, तुझ्याच्याने होत नसेल तर राहू दे. मी म्हटलं, होतंय. वायरिंग बरोबर आहे. गाडी चुकतेय.

पाठीवर झोपून वर बघत होतो आणि कव्हरचा एक गोंडा सारखा डोळ्यात जात होता. शेवटी चिडून मी ते अख्खं कव्हर मागे फेकलं.

लाईट विझले.

कव्हर परत घातलं. लागले. काढलं. विझले. डॅशबोर्डवर कोपऱ्यात एक काळं टिकलीएवढं भिंग होतं. उजेड-अंधार ओळखायचं. आईने त्याच्यावर गोधडी घातली होती, त्याला वाटत होतं रात्रच आहे.

मी सगळ्यांना खाली बोलावलं. काकांना पण, मुद्दाम. आई फुरंगटली. म्हणाली, विणलेल्या कव्हराने कधी लाईट लागतात का, माझ्या मिक्सरचे लागले का कधी? बाबांनी स्वतः आत बसून कव्हर घातलं, काढलं, घातलं, काढलं. लहान मुलासारखे रमले. मग इंजिन बंद करून, गंभीर चेहरा लावून बाहेर आले.

"जा गॅरेजला," ते म्हणाले.

आयुष्यात पहिल्यांदा मी बरोबर होतो, आणि बघायला काकासुद्धा हजर होते. मी गॅलरीत धावलो, रिमोट वर धरला आणि थाटात बटण दाबलं.

गाडीतून उतरताना बाबांनी सवयीने पहिला गिअर टाकला होता. हे नीट लक्षात ठेवा. बाबांनी.

गाडीने विटेवरून उडी मारली आणि समोरच्या भिंतीला तोंड धडकवून बंद पडली. दोन्ही हेडलाईट फुटले. दिवसभर चालू-बंद करून बॅटरी पण बसली होती, त्यामुळे ती परत सुरूच होईना.

"विझले बरं का," काका म्हणाले.

तर मी गॅरेजला गेलो. गाडी ढकलत. बाबा स्टिअरिंगवर होते. मी दम खायला थांबलो की ते खिडकीतून हात बाहेर काढायचे, रिमोट माझ्याकडे धरायचे आणि बटण दाबायचे.